चेण्याचे शनिवार

आई, तुमच्याशी एक भांडण राहिलंय. तेरावं झालं, मांडव उतरला, भाऊबंद आपापल्या घरी गेले आणि घरात आता घरचीच माणसं उरली. भेटायला येणारे म्हणतात, सासू पुण्यवान तुझी, दुपारचं जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी मान हलवते, चहा ठेवते. पण मनात आपलं ते भांडण चालूच असतं, कारण तुम्ही त्याचा निकाल न लावता निघून गेलात. तुम्हाला शोभलं ते. आपलं बोलून झालं की पदर खोचायचा आणि मागच्या दारी निघून जायचं, ही तुमची जुनीच खोड.

भांडण शनिवारचं. गेली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी तुम्ही पिशवी भरून चेण्याला लेकीकडे जायचात आणि रविवारी संध्याकाळी परत यायचात. का जाता म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "मना हिथं करमत न्हाय." मी म्हणायचे, खोटं बोलताय. तुम्ही म्हणायचात, खरा सांगतंय. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसणार नाही. पण माझी लेक माझी होते की नाही, मी या घरात परत येते की नाही, ते सगळं त्या शनिवारांवर होतं आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

मी मस्कतला गेले तेव्हा तन्वीला तिसरं वर्ष सरत होतं. तुमच्या लेकाचं, प्रकाशचं हार्डवेअरचं दुकान धड चालत नव्हतं, नवघरच्या या घराची कौलं दर पावसात गळायची, आणि मला तिकडच्या इस्पितळात नर्सची चांगली नोकरी मिळत होती. माझं माहेर रत्नागिरीकडचं. बाईने पोर मागे ठेवून परमुलखात जायचं म्हणजे काय, यावर आमच्याकडे चार दिवस खल झाला. माझी आई रडली. प्रकाश हो म्हणेना, नाही म्हणेना. तुम्ही ओट्यावर जवळा निवडत बसला होता, मान वर न करता म्हणालात, "जा तू. पोर माझ्याजवल हाय." तुम्ही स्वतः मिठागरात राबायला जाताना दोन्ही पोरं सासूजवळ ठेवून जायचात, त्यामुळे तुम्हाला यात जगावेगळं काही वाटलं नाही. मिठागर घरापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि मस्कत समुद्रापलीकडे, एवढा बारीक फरक तुमच्या गणितात बसत नव्हता.

आठ वर्षं आपण फोनवर संसार केला. तुम्हाला फोन नीट धरता यायचा नाही. मला दिसायचं ते तुमचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. पण रोज संध्याकाळी तुम्ही तन्वीला हाताला धरून माझ्यासमोर बसवायचात, ती खेळात असली तरी ओढून आणायचात. सुरुवातीला ती भरभरून बोलायची, मग उत्तरं आखूड होत गेली. हो, नाही, ठीक. बापाचं ऐकून ती तुम्हाला आई म्हणायची आणि मला मम्मी. एकदा म्हणाली, "मम्मी, मी नंतर बोलू का? आई तांदळाचे पोळे करतेय, थंड होतील." मी म्हटलं, जा बाळा, खा. फोन ठेवला आणि खोलीतल्या दुसऱ्या नर्सला सांगितलं, मी आता जाणार. ती केरळची. तिची दोन मुलं गावाला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरावर स्लॅब आला होता, दुकान सावरलं होतं, मला तिथे राहायला कारणही उरलं नव्हतं.

आले त्या दिवशी तुम्ही दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकलात, पायांवर पाणी घातलंत. तन्वी तुमच्या मागे उभी. अकरा वर्षांची घोडी झाली होती, तरी तुमच्या पदराआडून बघत होती. तिने हसून हात हलवला, पाहुण्यांना बघून हलवतात तसा. आत आल्यावर तुम्ही सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा दिलात आणि मला कपबशीतून. दर वर्षी महिनाभर सुट्टीवर यायचे तेव्हाही तीच निळ्या फुलांची कपबशी असायची. तेव्हा ती बघून बरं वाटायचं. या वेळी मी ती अर्धी तशीच खाली ठेवली. माझ्या बॅगा घरात पोचल्या होत्या, मी अजून पोचायची होते.

तुम्ही वाईट वागलात असं नाही हं. उलट फार चांगलं वागलात, त्याचाच त्रास. मी भांडी घासायला गेले की हातातून काढून घ्यायचात. दमली असशील, म्हणायचात. आठ वर्षं तिथल्या वॉर्डात आठ-आठ तास उभी राहिलेली मी, मला इथे दोन ताटं विसळू देईनात. तन्वीचा डबा तुम्ही, तिचा गणवेश तुम्ही, शाळेतल्या मीटिंगलाही तुम्हीच. शांती नगरच्या त्या इंग्रजी शाळेत तुम्ही कासोट्याचं लुगडं नेसून जायचात आणि बाईंना विचारायचात, "मेरी पोरी पढती हाय की नई?" बाई तुम्हाला घाबरून असायच्या म्हणे. पहिल्या मीटिंगला मी तुमच्याबरोबर आले तेव्हा बाईंनी विचारलं, या कोण? तन्वी म्हणाली, मम्मी, दुबईला असते. मी मस्कतला होते, आणि आता नव्हते. पण तिला कोण सुधारणार?

मग तो रविवार. तुम्ही तन्वीच्या डोक्याला तेल लावायला बसणार होता, तेवढ्यात मी वाटी उचलली. म्हटलं, आज मी लावते. तन्वी बसली, पण मान अशी ताठ धरून की जणू मी सुई टोचणार आहे. दोन बोटं फिरली नाहीत तोवर म्हणाली, "मम्मी, तू सोड ना प्लीज. आई करेल." रागाने म्हणाली असती तर मी रागावले असते. ती अगदी साधेपणाने म्हणाली. मी वाटी तुमच्या हातात दिली आणि गॅलरीत कपडे काढायला गेले. कपडे अजून ओले होते, तरी मी ते सगळे काढून आणले. तुम्ही ते बघितलंत.

पुढच्या शनिवारी सकाळी तुम्ही पिशवी भरून दारात उभ्या. "अलकेकडं जातंय. उद्या येन."

प्रकाशने चहा खाली ठेवला. कारण तुमचा नियम सगळ्या नवघरला माहीत होता. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही. अलकाताईंचं लग्न होऊन पंचवीस वर्षं उलटून गेली, तुम्ही तिथे एक रात्र राहिला नव्हता. नातवंडांच्या बारशाला गेलात, व्याही आजारी होते तेव्हा गेलात, पण दिवे लागायच्या आत परत. जेवणसुद्धा तिथलं नाही, आपली भाकरी फडक्यात बांधून न्यायचात. अलकाताईंच्या सासूबाई त्यावरून कायम फुरंगटलेल्या असत, आमच्या घरच्या अन्नाने काय हिचं पोट दुखतं का, म्हणून. तुमचं एकच, लेक दिली त्या घरचं खावाचा नसतं. देवाला सांगून बदलला नसता तो नियम. आणि आता तुम्ही मुक्कामाला निघाला होता, चप्पल घालून, छत्री घेऊन. प्रकाश म्हणाला, आई, काय झालंय? कोणी काही बोललं का? तुम्ही म्हणालात, "मना हिथं करमत न्हाय," आणि काशीमिऱ्याच्या रिक्षात जाऊन बसलात.

मला वाटलं, रुसलात. दुसरं काय वाटणार? आठ वर्षं पोर वाढवली आणि आता ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली, असं तुमच्या मनात असणार, असं मी धरून चालले. आणि ते खोटं तरी कुठे होतं, म्हणून मला अजूनच राग. पहिला शनिवार तर विचारू नका. तन्वीने तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. माझा फोन मस्कतहून यायचा तेव्हा पहिल्या रिंगला उचलणाऱ्या तुम्ही, आणि नातीचा फोन उचलेनात. तिने चार वेळा लावला, मग माझ्याकडे असं बघितलं, जणू फोन मीच लपवलाय. मी भाकऱ्या केल्या. आमच्याकडेही तांदळाच्याच भाकऱ्या, काही नवीन नव्हतं, पण आठ वर्षं मेसचा भात खाऊन हात विसरला होता. भाकरी जाड झाली, कडेला चिरली. तन्वीने अर्धी खाल्ली आणि म्हणाली, भूक नाही.

तेव्हा मी तिला घेऊन शांती नगरच्या बाजारात गेले, काहीतरी खाऊ म्हणून. तिथे क्लिपा घेताना मी दुकानदाराशी हिंदीत बोलायला लागले. माझी हिंदी केरळच्या पोरींबरोबर घासून तयार झालेली, तिला त्यांचाच हेल. तन्वी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि फस्सकन हसली. "मम्मी, तू अशी काय बोलतेस? मल्याळी आंटीसारखी." मग तिने मला बाजूला केलं, "भैया, ठीक से लगाओ ना, रोज के हैं हम लोग," म्हणून भाव पाडला आणि वर एक रबर फुकट घेतला. अगदी तुमची नात. पाणीपुरी खाताना मी मुद्दाम अजून थोडं मल्याळी हिंदी बोलले. ठसका लागेपर्यंत हसली. तुम्ही घरी असता तर आम्ही बाजारात गेलोच नसतो, आई. तुम्ही पोळे केले असते.

पण हे कळायला मला वेळ लागला. तोवर गल्लीत बोभाटा झाला. शेजारच्या मंदाकाकू पाणी भरता भरता म्हणाल्या, बाहेरचे पैसे आले की सासू अडचणीची होते, घरोघरी मातीच्या चुली. मी घरात येऊन ताट आपटलं. त्या आठवड्यात मी तुमच्याशी पहिल्यांदा भांडले. म्हटलं, आई, तुमच्यामुळे लोक मला नावं ठेवतात, सुनेने म्हातारीला हाकललं म्हणतात. तुम्ही पान लावत होता. "लोकांचा तोंड कोन धरनार?" एवढं म्हणून पान तोंडात. मी म्हटलं, निदान मंदाकाकूंना तरी सांगा. तर तुम्ही खरंच सांगितलंत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून, चार बायकांच्या देखत, "मना कोनी धाडली न्हाय, मीच जातंय. मना घरान करमत न्हाय." झालं, आगीत तेल. लोक म्हणाले, बिचारी सुनेला पाठीशी घालतेय. नाव तुमचं मोठं होत गेलं आणि माझं खराब. तेव्हा तुमचा इतका संताप आला होता मला, की एका शनिवारी तुमची छत्री मी लपवूनच ठेवली. तुम्ही डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात गेलात.

शनिवारमागून शनिवार गेले. तन्वीने मला कसं शिकवलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आई डब्यात लोणचं कागदात बांधून देते. आई लाईट घालवल्यावर पाय दाबते. आई गणिताच्या पेपरला जाताना साखर देते. प्रत्येक वाक्य 'आई'ने सुरू व्हायचं आणि मी विद्यार्थिनीसारखी ऐकत बसायचे. कधी कधी टोचायचं. पण ती सांगत होती, आधी तर तेही नव्हतं. मग तिला शाळेतून उवा झाल्या. शनिवारी दुपारी डोकं खाजवून हैराण होऊन आपणहून फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. आई नाही ना, तर तूच काढ, म्हणाली. मी संध्याकाळपर्यंत फणी फिरवली. तेवढ्या वेळात तिने मला वर्गातल्या सगळ्या पोरींची भांडणं सांगितली, कोण कोणाशी बोलत नाही, कोण फितूर आहे. तेलाने जे झालं नव्हतं ते उवांनी करून दिलं. देव उवांचं भलं करो.

आणि मग तो शनिवार, ज्याच्यावरून आपलं भांडण खरं पेटलं. तन्वी दुपारी बाथरूममध्ये गेली ती बाहेर येईना. आतून फोनवर कुजबुजल्याचा आवाज. मग दार उघडलं आणि ती रडत, चिडून बाहेर आली. म्हणाली, आई वाईट आहे, मी तिच्याशी कधीच बोलणार नाही. मी विचारलं, काय झालं? तिने दुसरीकडे बघत सांगितलं. तिला पहिल्यांदा पाळी आली होती. तिने अलकाताईंच्या फोनवर तुम्हाला बोलावून घेतलं होतं, तू लगेच ये म्हणाली होती. तुम्ही तिला म्हणालात, "मी न्हाय येत. घरान मम्मी हाय ना? तिला सांग." आणि फोन ठेवलात.

मी किती पोरींना हे समजावलं असेल, कितीकांच्या आयांनाही. पण त्या दिवशी मी आधी उगाचच पलंगावरची चादर नीट केली. आम्ही दोघी पलंगावर बसलो. तिला सगळं नीट सांगितलं, तिने विचारलं त्याची उत्तरं दिली. एक उत्तर ऐकून ती म्हणाली, शी, आणि हसली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आई, ती शेवटची माझ्या मांडीवर झोपली तेव्हा तिचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत यायचे. आता पलंगाच्या बाहेर गेले होते. मी हललेसुद्धा नाही. पायाला मुंग्या आल्या, दारावर कोणी बेल वाजवली, मी बसून राहिले. संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, बरा झाला, काय गोड केलंस का? मी म्हटलं, नाही. मग कर, म्हणालात, आणि पुढे काही विचारलं नाहीत. मी शिरा केला. रविवारी संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलेली तन्वी तुमच्या पाठीवर जाऊन पडली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच काही वाटलं नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

त्यानंतर मी तुम्हाला गाठलं. तुम्ही सुकट निवडत होता, मी समोर बसून डोकी मोडायला लागले. आता मला माझ्या घरात सुकट निवडू देत होता तुम्ही. मी म्हटलं, आई, खरं सांगा. तुम्ही माझ्यासाठी जाता ना? घर मोकळं करून देता. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "मी काय देवी हाय गो? माझी लेक हाय ती. मना तिच्याकडं जावासा वाटतंय, म्हनून जातंय." मी म्हटलं, पंचवीस वर्षं वाटलं नाही, आणि मी आल्यावरच बरं वाटायला लागलं? तुम्ही म्हणालात, तुना लय अक्कल आली मस्कतला जाऊन. मी म्हटलं, आता नका जाऊ, आता गरज नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, तुझ्या गरजेचा काय, माझी हाय ना. आणि पदर खोचून मागच्या दारी. पुढच्या शनिवारी पुन्हा पिशवी. मला तुमचे आभार मानायचे होते, तुम्ही मानू दिले नाहीत. ते माझ्याकडेच आहेत अजून.

परवा अलकाताईंनी सांगितलं ते ऐका. कार्याचं आवरून आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, आई यायची तेव्हा पिशवीत आपले तांदूळ घेऊन यायची. मूठभर सुकट, मीठसुद्धा. माझ्या चुलीवर स्वतःचा भात वेगळा शिजवून खायची. सासूबाई चार महिने बोलल्या नाहीत आमच्याशी. दिवसभर पडवीत बसून रस्त्याकडे बघायची, आता जेवले असतील का, आता काय करत असतील. तन्वीचे फोन यायचे ते हातात धरून बसायची, वाजून बंद होईपर्यंत. आणि त्या दिवशी, तन्वीचा तो फोन आला त्या दिवशी, चप्पल घालून पायरीपर्यंत गेली होती. तिथेच बसली. मी म्हटलं, रिक्षा आणू का? तर माझ्यावरच खेकसली.

मी म्हटलं, बघा ताई, मी म्हणतच होते. खोटं बोलायच्या मला. मला जिंकल्यासारखं झालं, रडूही येत होतं.

तर अलकाताई म्हणाल्या, थांब, पुढचं ऐक. म्हणाल्या, असं पहिलं वर्ष. मग एका शनिवारी सासूबाईंनीच तिच्या ताटात आमचा भात वाढला, आणि काय झालं कोण जाणे, ती जेवली. मग तांदूळ आणायची बंद झाली. मग दोघी म्हाताऱ्या मिळून पत्ते खेळायला लागल्या, लबाडी करून. ओढ्यावर जायच्या, करवंदं आणायच्या. रात्री ती माझ्याजवळ झोपायची. माझं लग्न अठराव्या वर्षी झालं, त्यानंतर आई माझ्याजवळ कधी झोपली नव्हती. शेवटी शेवटी तर शुक्रवारी फोन करायची, उद्या काय करशील, म्हणून. "सुजाता, ती तुझ्यासाठी आली, मना म्हाईत हाय. पन मना भेटली गो ती."

मग काय राहिलं माझं? तुम्ही म्हणत होता, माझी लेक आहे, मला जावंसं वाटतं. ते खरं होतं. निदान खरं झालं होतं. मी तुम्हाला खोटारडी म्हणत राहिले आणि तुम्ही पडवीत बसून व्याहिणीशी पत्ते खेळत होता. मी हरले, आई. पण एवढं समाधान मला कुठल्या जिंकण्याने दिलं नसतं. तीन वर्षं मला वाटायचं की माझ्या येण्याने तुमचं काहीतरी गेलं. तुमचा भरलेला शनिवार मी रिकामा केला, असं वाटायचं. आता वाटत नाही. तुम्ही लबाड होता, आणि सुखात होता. हे दोन्ही मला ऐकायला हवं होतं.

आज संध्याकाळी अलकाताई जायला निघाल्या. प्रकाश रिक्षा घेऊन आला होता. त्या दारातच घुटमळल्या, पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. मला वाटलं काही विसरलं. प्रकाश म्हणाला, ताई, चल ना. त्या त्याच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आई गेली. आता मी येत जाऊ ना गो हिथं?"

पन्नाशीला आलेली बाई, आई. याच घरात जन्मलेली. या ओट्यावरून पडून तिचा दात तुटला होता म्हणे. ती मला विचारत होती. प्रकाश माझ्याकडे बघत होता, तन्वी माझ्याकडे बघत होती, आणि दोघंही थांबले होते, कारण याचं उत्तर देणारं माणूस घरात एकच होतं. मला क्षणभर मागे वळून तुम्हाला बघावंसं वाटलं. मग मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हटलं, विचारता काय ताई, माहेर आहे तुमचं. रिक्षा जाऊ दे परत, आजची रात्र राहा.

त्या राहिल्या. आत्ता आतल्या खोलीत तन्वीशेजारी घोरतायत.